सरडा पळाला नाही

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर मे महिन्यात सकाळी नऊनंतर जमीन तापायला लागते आणि मग एकेका दगडावर सरडे येऊन बसतात. गेल्या वर्षी त्यातला एक माझ्यापासून दोन हातांवर होता आणि पळाला नाही. मी रांगत पुढे सरकलो होतो, कोपरं सोलपटली होती, वाऱ्याने टोपी केव्हाच पलीकडच्या झुडपात नेऊन टाकली होती. तो मात्र मान ताठ ठेवून आपल्या दगडावर उभा. नर होता. पुढच्या पायांवर अंग उचलून त्याने गळ्याखालचा पंखा उघडला, मिटला, परत उघडला. निळा, त्याला खेटून काळा, आणि नारिंगी. ऊन पाठीमागून येत होतं, त्यामुळे त्या पातळ कातडीतून उजेड आरपार दिसत होता. माझी सावली अंगावर पडली तेव्हा तो दगडाच्या दुसऱ्या टोकाला गेला, इतकंच. तिथे पुन्हा तोच खेळ सुरू. माझा सोबती मागून हळूच म्हणाला, "काका, बोट लावलंत तरी हलणार नाही." मी बोट लावलं नाही, पण छाती भरून आली हे खरं. जनावराने जवळ येऊ दिलं की माणसाला उगाचच वाटायला लागतं, आपण कुणीतरी बरे आहोत.

परतताना ठोसेघरला चहा प्यायलो. सोबती कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मागेपुढे करत होता, खुशीत होता. मला मात्र काहीतरी टोचत होतं. इतका धीट का?

माझं लहानपण रत्नागिरीकडचं. तिथे कुंपणावरचा सरडा आम्हाला लांबूनच ओळखायचा आणि पसार व्हायचा, कारण त्याला दगड मारणं हे सुट्टीतलं आमचं कामच होतं. त्याचा गळा लाल झाला की तो बसल्या जागेवरून आपलं रक्त ओढतोय अशी आम्हा पोरांची खात्री. साप, सरडे, विंचू शोधायला आमच्याकडे कुणी जात नसे. ते आपल्याला सापडू नयेत यासाठीच सगळी धडपड. अंथरूण झाडायचं, चपला आपटायच्या, गडग्याच्या चिऱ्यांत हात घालायचा नाही, तिन्हीसांजेनंतर कातळावरून येताना बत्ती पायांपुढे धरायची. आजी खळ्यातून ओरडायची, "पायाखाली बघ रे, लांबडं असेल." आमच्या कातळावर ते लांबडं म्हणजे बहुतेक वेळा फुरसं. दीड-दोन वीत लांबीचं, दगडाच्याच रंगाचं, आणि चिडलं की वेटोळी एकमेकांवर घासून खवल्यांचा खरखर आवाज करणारं. ब्रिटिश अमदानीत रत्नागिरीत फुरसं मारून आणणाऱ्याला सरकारी इनाम मिळे आणि मारलेल्या फुरशांचे आकडे लाखांत गेले होते. तरी फुरसं संपलं नाही. विंचवाची भीती तर त्याहून मोठी. लाल विंचवाने पोरं दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ऐंशीच्या दशकात रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यावर वापरून दाखवलं, तोवर गावोगावच्या दवाखान्यांकडे लाल विंचवावर धड इलाज नव्हता. अशा मुलुखात वाढलेल्या माणसाला दगड उलटवून खाली काय आहे ते बघणं हा छंद असू शकतो हे कळायला चाळिशी उजाडावी लागली.

तेही माझ्या या सोबत्यामुळे. तो सर्पमित्र. कुणाच्या न्हाणीत नाग निघाला, कुणाच्या पोल्ट्रीत धामण शिरली की याचा फोन वाजतो, मग रात्रीचे दोन असोत नाहीतर याच्या घरी पाहुणे असोत. साताऱ्यात आमच्याच आळीत राहतो, वयाने माझ्या निम्मा, पण या बाबतीत माझा गुरू. त्याने दिलेला पहिला धडा दगड उचलण्याचा. दगडाच्या मागे उभं राहायचं आणि पलीकडची कड आपल्याकडे उचलायची, म्हणजे खाली जे काही असेल त्याच्या आणि आपल्या मध्ये दगड राहतो. बघून झालं की दगड होता तसा, त्याच खळग्यात, अलगद परत ठेवायचा. खालची ओल, मुंग्यांची वाट, पालीने धरलेली सांदट, सगळं त्या खळग्याच्या मापाचं असतं; दगड बोटभर सरकवून ठेवला तरी आतला बेत मोडतो. चाळकेवाडीच्या अशाच दगडांखाली राहणारी एक पाल २००८ साली शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली, तिच्या शास्त्रीय नावात सातारा आहे. ती मला पहिल्यांदा दिसली तेव्हा मी इतका वेळ बघत बसलो की उचललेल्या दगडाने मनगट भरून आलं. आता मी दगड फारसे उलटत नाही. तत्त्वाचं म्हणाल तर थोडं तत्त्वाचं आहे, बाकी कंबर.

धीट सरड्याचं उत्तर मला त्या पावसाळ्यात घरबसल्या मिळालं. हा पंखेवाला सरडा २०१६ साली स्वतंत्र प्रजाती म्हणून जाहीर झाला. अभ्यासक त्याला 'सुपर्बा' म्हणतात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळकेवाडीच्याच पठारावर त्याच्यावर काम केलं, ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पठाराच्या एका भागात पवनचक्क्या आहेत, दुसऱ्या भागात नाहीत. त्यांनी दोन्हीकडचे शिकारी पक्षी मोजले, सरडे मोजले, सरड्यांच्या रक्तातलं ताणाचं संप्रेरक तपासलं, माणूस किती जवळ गेल्यावर सरडा पळतो तेही मोजलं. जिथे पवनचक्क्या नाहीत तिथे शिकारी पक्षी जवळजवळ चौपट. कापशी, तिसा वगैरे मंडळी फिरत्या पात्यांच्या बाजूला फिरकेनाशी झालेली. त्यामुळे तिकडे सरडे उदंड वाढलेले आणि निर्धास्त. ताण कमी, माणूस अगदी जवळ आला तरी पळण्याची घाई नाही. पण दाटी झाल्यावर खाण्यासाठी आपसातली ओढाताणही वाढली, आणि तिकडच्या नरांच्या पंख्याचे रंग उतरलेले निघाले.

म्हणजे मी ज्या निळ्यावर भाळलो होतो तो उतरलेला निळा होता.

हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. माझ्या चांगुलपणाचा तर त्यात काही संबंध नव्हताच. मला सरडा इतक्या जवळून दिसला तो कापशी नव्हती म्हणून. आणि कापशी नाही हे मला दिसलं नव्हतं. मी सगळा वेळ खाली बघत होतो. नसलेली गोष्ट दिसत नाही, यात विशेष काय, असं म्हणता येईल. पण इतकी वर्षं मी रानात जातो ते दिसण्यासाठी, आणि किती दिसलं यावरच दिवस बरा की वाईट ते ठरवतो. तेव्हापासून एक खोड लागली आहे. काही सहज दिसलं की आनंद होतो आणि पाठोपाठ मनात येतं, हे इतकं सहज का दिसतंय?

पवनचक्क्यांबद्दल मला राग आहे का? सांगता येत नाही. ही वीज दगडी कोळसा न जाळता येते आणि हा लेख लिहितोय तो त्याच तारांवर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला त्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा सातारकरांना त्यांचं कोण कौतुक होतं. लोक पाहुण्यांना मुद्दाम बघायला न्यायचे. त्या पठारावर म्हशी चारणाऱ्या एका आजोबांना नंतर मी विचारलं, पूर्वी इथे घारी-ससाणे जास्त होते का? आधी त्यांनी मलाच विचारलं, "तुम्ही काय हुडकताय?" म्हटलं, सरडे. "सरडं?" त्यांनी माझ्याकडे आणि माझ्या खरचटलेल्या कोपरांकडे बघितलं. "सरडं हुडकायला साताऱ्यासनं आलायसा?" मग काठी टेकून पवनचक्कीच्या पात्याकडे मान वर करून म्हणाले, "घारी असतील की. वर कोण बघतंय? ह्याचा आवाज येतो नव्हं, मान वर करूच वाटत न्हाई." तो आवाज खरंच विचित्र आहे. हवा कापल्याचा, ठरावीक अंतराने येणारा. पहिली दहा मिनिटं तो ऐकू येतो, नंतर येत नाही, आणि घरी गेल्यावर रात्री अंथरुणात पुन्हा ऐकू यायला लागतो.

पाऊस लागला की आमचा मुक्काम हलतो आंबोलीला. कोल्हापूर, आजरा करत जायचं, आणि आजरा सोडलं की गाडीच्या काचा आतून धुरकट व्हायला लागतात. दिवसा आंबोली आमच्या कामाची नसते. धबधब्याखाली मोटारी, गाण्यांचा दणदणाट, भाजलेल्या कणसांचा धूर, ओल्या जीन्समधली कुडकुडणारी पोरं. अंधार पडला, की हे सगळं घाट उतरून जातं आणि मग बेडकांचा कारखाना सुरू होतो. टॉर्च बंद करून उभं राहिलं तर आवाजांचे थर लागतात. कुणी झुडपातून टकटक करतोय, कुणी गवताच्या बुडातून दळतोय, आणि लांब कुठेतरी पाण्याच्या टाकीशी मलबारचे उडते बेडूक. पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना त्यांची फेसाची घरटी लटकलेली असतात, दूध उतू गेल्यावर पातेल्याच्या कडेला राहतो तसला फेस. आत अंडी, पिल्लं झाली की सरळ खालच्या पाण्यात. जळवा मोज्यांतून वर चढत असतात. मीठ, तंबाखू, डेटॉल, प्रत्येकाचा उपाय वेगळा आणि कुठलाच पुरा पडत नाही.

कातळावर पहिल्या पावसाने जी उथळ डबकी साचतात त्यांत आंबोली टोड येतो. अंगठ्याएवढा, अंगावर पिवळे पट्टे-ठिपके, २००९ साली शास्त्रात नोंदलेला आणि आंबोलीच्या आसपासचा टापू सोडला तर जगात कुठे नाही. त्याने संसारासाठी निवडलेली जागा म्हणजे हातभर रुंद आणि दोन बोटं खोल पाणी. पावसाने चार दिवस ओढ दिली की ते आटतं, आणि पोहणारी पिल्लं कातळाला चिकटून वाळतात. दोन बोटं पाण्यावर एवढा भरवसा कुणी टाकावा! याच गावात हिरण्यकेशीच्या मंदिराच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली आणि पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. देवाचं पाणी म्हणून त्या कुंडात कुणी जाळं टाकत नव्हतं, मासा टिकला. कातळावरच्या डबक्याला देव नाही. त्यातून माणसं गाडी घालतात.

रात्री सगळ्यात जास्त काय दिसतं आणि कुठे दिसतं, तर डांबरी रस्त्यावर. डांबर दिवसाची ऊब धरून ठेवतं, रस्त्याच्या कडेला पाणी तुंबतं, दिव्याखाली किडे पडतात. म्हणून बेडूक येतात आणि बेडकांमागे साप. चौकुळच्या रस्त्याला आम्ही पायी चालतो, दोघांच्या दोन टॉर्च, एक कडेने आणि एक मधोमध. मांजऱ्या, कवड्या, गवत्या इथेच बघितले. खापरखवल्याही इथेच, एरवी मातीच्या आत राहणारा, शेपटीचं टोक कुणी सुरीने तिरकं छाटल्यागत. बिळात पाणी शिरलं म्हणून वर आलेला. त्यातले कितीतरी मेलेले असतात. जिवंत साप दिसला तर आम्ही त्याला कडेला जाऊ देतो, मेलेला असला तर सोबती फोटो काढून जागा लिहून ठेवतो. जंगलात दहा पावलं आत याच्या दसपट असेल, पण तिथे आपल्याला दिसणार नाही. रस्ता दाखवतो आणि रस्ताच मारतो.

चापडा या झाडावरच्या विषारी सापाचं मात्र असं नाही. तो रस्त्यावर फारसा येत नाही. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर वेटोळं घालून, डोकं खाली झुकवून तो बेडकाची वाट बघत बसतो, आणि दुसऱ्या रात्री गेलं तरी बहुधा तिथेच असतो. मलबार चापडा एकाच रानात हिरवा असतो, तपकिरी असतो, कधी नारिंगीकडे झुकणारा पिवळाही. गेल्या जुलैत आम्हाला असा पिवळा मिळाला. काटेरी झुडपात, अर्धा पानांआड. सोबत आणखी दोन-तीन कॅमेरेवाले होते, मुंबईचे. त्यांना समोर शेवाळ असलेली एक सुंदर फांदी दिसली. मग माझ्या सोबत्याने आपली आकडीची काठी काढली आणि चापड्याला उचलून तिकडे ठेवलं. हात सराईत, चापड्याने तोंडसुद्धा उघडलं नाही. फ्लॅश उडत राहिले. मी नंतर त्याला म्हटलं, हे बरं नाही केलंस. तो चिडला नाही. म्हणाला, "काका, हाच रस्त्यावर असता तर गाडीखाली जाऊ नये म्हणून मी याच काठीने उचलला असता, तेव्हा तुम्ही शाबासकी दिली असती." यावर मला उत्तर सुचलं नाही. पण दुसऱ्या रात्री आम्ही गेलो तेव्हा काटेरी झुडूप रिकामं होतं आणि शेवाळाची फांदीही.

सप्टेंबर-ऑक्टोबर पटकन निघून जातात. कासला फुलांसाठी रांगा लागलेल्या असतात. २०१२ साली युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून तर गर्दी विचारूच नका. आम्ही त्या रांगांच्या उलट दिशेला जातो. या दिवसांत घोयरा सरडा झाडावरून उतरतो आणि रस्ता ओलांडायला घेतो. एक पाऊल उचलतो, ते हवेत धरून डोलतो, विचार बदलतो, परत ठेवतो. मागे एस.टी. हॉर्न देतेय. कितीदा आम्ही दोघं दोन बाजूंना हात पसरून उभे राहिलो असू, आणि ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून विचारतो, काय हरवलं का? रात्री मात्र हाच प्राणी शोधायला सगळ्यात सोपा: झोपेत त्याचा रंग फिका पडतो, आणि फांदीच्या टोकाला टॉर्चमध्ये पांढुरका चमकतो. दिवसभर लपायचं आणि झोपेत उघडं पडायचं.

थंडीत सापांचं दिसणं कमी होतं, निदान पठारावर. मग आम्ही खाली उतरतो, कृष्णाकाठी. औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात जानेवारीतल्या सकाळी धुकं विरलं, की मगरी पाण्यातून वर येतात आणि मळीच्या कडेला ऊन घेत पडतात. तोंड उघडं, डोळे मिटलेले, पाठीवरचा चिखल वाळून भेगाळलेला. पहिल्यांदा बघितली तेव्हा मी पलीकडच्या काठावर होतो, तरी पोटात खड्डा पडला. शेजारी एक शेतकरी मोटर चालू करायला आला होता. म्हणाला, "ही जुनी हाय, हिचं काय न्हाई. खालच्या अंगाला एक नवी आलीया, तिचं बघावं लागतंय." एवढं बोलून तो पाण्यात पाय घालून पाइपचा फुटव्हॉल्व्ह साफ करायला लागला. या पट्ट्यात मगरींनी माणसं धरली आहेत, पोरं नेली आहेत; ते त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मगरी इतक्या सहज का दिसतात याचं उत्तर तिथे उभं राहिल्यावर मिळतं. वाळूउपशाने काठ खरवडले गेले, ऊस पाण्यापर्यंत आला. अंग शेकायला आणि अंडी घालायला जी थोडी उताराची जागा उरली आहे तीच माणसांची धुण्याची, गुरं पाजायची, मोटरीची जागा. दोघांनाही दुसरीकडे जायला वाव नाही. तिथे फोटो काढताना मला कसंसंच झालं. हा फोटो बघणाऱ्याला निसर्ग दिसेल. त्या मोटरवाल्याला पायाखालची जागा दिसते.

त्याच महिन्यांत ऊसतोड चालू असते, आणि फडात घोणस निघते. हिवाळा हा घोणशीच्या जोडीचा काळ, नर माद्यांच्या वासावर फिरत असतात, आणि कोयता वाकून चालवायचा असतो. सोबत्याचा फोन या दिवसांत सतत वाजतो. पुढे धामणींचा हंगाम आला की दुसऱ्या तऱ्हेचे फोन: बांधावर नाग आणि धामणीचं लगीन लागलंय, लवकर या. जाऊन बघावं तर दोन नर धामणी पिळा घालून एकमेकांना खाली दाबायला झटत असतात, मादी आसपासही नसते. आणि तोवर गर्दीतल्या कुणीतरी त्यांच्यावर पांढरं धडुतं टाकलेलं असतं, पैसा येतो म्हणून. सोबती ते समजावून सांगतो. लोक ऐकून घेतात आणि धडुतं घडी करून घरी नेतात.

मार्चमध्ये वेळास. मंडणगड तालुक्यातला हा किनारा आता सगळ्यांना माहीत आहे. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी शोधणारे गावात होतेच, फक्त ती खायला नाहीतर विकायला. मला या गोष्टीतलं सगळ्यात आवडतं ते हेच, की राखणीचं कसब बाहेरून आणावं लागलं नाही. मादीच्या वल्ह्यासारख्या पायांनी वाळूत उमटलेली रेघ ओळखायची, पहाटे तिच्या मागावर जायचं, काठी खुपसून खालची वाळू भुसभुशीत लागते का ते बघायचं. हे सगळं अंडी काढणाऱ्या हातांना येतच होतं. त्याच हातांनी अंडी उचलून कुंपणात पुरली. पन्नासएक दिवसांनी पिल्लं वर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली जाते, खाली काही असलं तर दोरीच्या अलीकडे उभी असलेली शे-दोनशे माणसं एकदम श्वास रोखतात, नसलं तर "अरेरे" म्हणून पोह्यांकडे वळतात. मी दोन्ही अनुभवलं आहे. पिल्लू पाण्याकडे निघालं की त्याला मदत करायची नाही, हे स्वयंसेवक पुन्हा पुन्हा बजावत असतात, कारण प्रत्येकाच्या हाताला ते उचलून पाण्यात ठेवावंसं वाटतं. वाळूची ऊब जास्त असेल तर माद्या जास्त निघतात आणि थंड असेल तर नर, हे ऐकून माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका काकूंनी नवऱ्याकडे बघून जे म्हटलं ते इथे लिहीत नाही. वेळासला मला माझा नेहमीचा प्रश्न विचारावा लागला नाही. इथे पिल्लू दिसतं ते कुणीतरी रात्रभर जागून कोल्हा-कुत्रा हाकलला म्हणून.

आणि मग यंदाचा मे. या वेळी सोबत्याला म्हटलं, पवनचक्क्यांपासून लांब, पठाराच्या दुसऱ्या अंगाला जाऊ. तो नाखुशीने आला. तिकडेही दगड तेच, वाळकं गवत तेच, वारा जरा जास्त. सरडे होते. दुर्बिणीतून दिसत होते. आम्ही उठून दोन पावलं टाकली की दगडावरून नाहीसे. मग बसून राहायचं, गवत मानेला टोचतंय, पाय बधिर, आणि पुष्कळ वेळाने एखादा दगडाच्या कडेवरून फक्त डोकं वर काढणार. एकाने पंखा उघडला. लांबून उघडला आणि लगेच मिटला, मला रंग नीट लागलासुद्धा नाही. तो जास्त गडद होता असं सांगायला मला फार आवडलं असतं. दुपारी एक तिसा आला, मैलाच्या दगडावर बसला, पांढऱ्या डोळ्यांनी गवताकडे बघत राहिला, आणि सगळं पठार एकाएकी रिकामं झालं. त्यानंतर तासभर एकही सरडा दिसला नाही.

सोबती वैतागला. "काका, पलीकडे पाच मिनिटांवर पाहिजे तेवढे बसलेत, आणि आपण इथे गवत मोजतोय." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटी तो मोटारसायकल काढून पवनचक्क्यांकडे गेला, आणि मी तिथेच भाकरी सोडली. शेंगदाण्याची चटणी, कांदा. तिसा बराच वेळ बसला होता. त्याला काही मिळालं का ते मी बघू शकलो नाही, कारण मी कांदा फोडत होतो. सोबती परतला तो चेहऱ्यावर हसू घेऊनच. कॅमेऱ्यात त्याने सरडे दाखवले, एकाहून एक जवळून काढलेले. फोटो सुंदर होते. मी सुंदर आहेत असंच म्हटलं.

पाऊस लागला की आंबोलीला जायचं ठरलं आहे. खोली त्याने सांगून ठेवली, जळवांसाठीचे लांब मोजे मागवलेत, टॉर्चच्या बॅटऱ्या माझ्याकडे. मी एकच अट घातली आहे: चापडा दिसला तर आकडी गाडीतच राहील. रस्त्यावर असला तर काय, असं त्याने विचारलं. रस्त्यावर असला तर चालेल, म्हटलं. कडेच्या गवतात, रस्त्याला लागून असला तर? त्यावर आमचं अजून चालू आहे.